घट्ट आणि पातळ यांच्या मधली वाट : डॉ. रघुनाथ माशेलकर यांची कारकीर्द



आजचा विषय आम्ही मागून घेतला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने रसायन अभियंत्यावर बोलायचं, तेही ऱ्हिऑलॉजी नावाच्या, उच्चारतानाच जीभ अडखळणाऱ्या शाखेतल्या अभियंत्यावर, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण दोन कारणं आहेत. या शास्त्राचं नाव आणि त्याचं ब्रीदवाक्य दोन्ही ग्रीक तत्त्वज्ञानातून आलेली आहेत, म्हणजे विषय थोडासा आमच्याही घरचा आहे. दुसरं कारण इथलं आहे. नांदेड आणि लातूर ही गेल्या तीन-चार दशकांत परीक्षांची शहरं झाली. शिकवण्या, वसतिगृहं, अभ्यासिका, खानावळी, निकालाच्या दिवशीचे फलक. इथला मुलगा रसायनशास्त्रात शंभरपैकी शंभर मिळवतो. पण शंभर मिळवल्यानंतर पुढची चाळीस वर्षं त्या विषयाचं काय करायचं असतं, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून एका माणसाची अशी चाळीस वर्षं आपण बघू.

माशेलकरांचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. हळदीचं पेटंट, पद्मविभूषण, मोठमोठ्या समित्या. ते सगळं येईलच. आधी मूळ शास्त्र थोडं समजून घेऊ, कारण त्यांच्यावर बोलणारे बहुतेक जण तेवढंच वगळून पुढे जातात.

पाणी वाहतं, दगड वाहत नाही. शाळेत आपण द्रव आणि घन असे दोन रकाने आखतो आणि पदार्थ त्यांत टाकून मोकळे होतो. आता कणकेचा गोळा कुठल्या रकान्यात टाकायचा? बोटाने दाबला तर दबतो, सोडला तर थोडा परत येतो, ताटात रात्रभर ठेवला तर पसरतो. ज्वारीचं पीठ घ्या. गव्हाला चिकटपणा देणारं ग्लुटेन त्यात नसतं, म्हणून त्याची पोळी लाटता येत नाही. आपल्या आया-बहिणी गरम पाण्यात पीठ मळतात, तळहाताने रगडून रगडून मऊ करतात आणि मग भाकरी थापतात. जुन्या धान्याचं पीठ असलं की भाकरीला कडेने चिरा पडतात, मग आधी उकड काढावी लागते. किंवा गुऱ्हाळावरचा गुळव्या बघा. काहिलीतला रस आटत जातो, तो थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायची की नाही ते ठरवतो. काही क्षण इकडे तिकडे झाले तर काकवी तरी राहते, नाहीतर गूळ करपतो. दाब दिल्यावर, ओढल्यावर, ढवळल्यावर पदार्थ कसा वाहतो, कसा वाकतो आणि किती परत येतो, याचं मोजमाप म्हणजे ऱ्हिऑलॉजी.

आमच्या वैशेषिकांनी पदार्थांचे गुण मोजले, तेव्हा गुरुत्वाच्या पुढेच द्रवत्व आणि स्नेह हे दोन गुण मांडले. द्रवत्व दोन प्रकारचं : पाण्यासारखं स्वाभाविक, आणि तूप किंवा सोनं यांच्यासारखं अग्नीच्या निमित्ताने येणारं. स्नेहाची व्याख्या तर सरळ स्वयंपाकघरातली आहे. ज्याच्यामुळे चूर्णाचा पिंड होतो, पिठाचा गोळा होतो, तो स्नेह. निरीक्षण किती बारीक आहे बघा! पण यावरून कोणी टाळ्या वाजवून ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणू नये. नाव देणं वेगळं आणि मोजणं वेगळं. किती द्रवत्व, किती बलाला, किती वेळात, हा प्रश्न वैशेषिकांनी विचारला नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, हळदीपाशी आपल्याला त्याची गरज लागेल.

ऱ्हिऑलॉजी हे नाव १९२० साली अमेरिकेत युजीन बिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञाने रूढ केलं. १९२९ मध्ये या विषयाची संस्था निघाली आणि तिने ब्रीदवाक्य घेतलं हेराक्लिटसच्या नावावर चालत आलेलं : सर्व काही वाहतं. बिंगहॅमचा सहकारी मार्कुस रायनर हा मूळचा स्थापत्य अभियंता. त्याने १९६४ साली ‘डेबोरा अंक’ नावाची एक सुंदर कल्पना छापून मांडली. बायबलमध्ये डेबोरा नावाची एक भविष्यवादिनी आहे. तिच्या विजयगीतात परमेश्वरापुढे पर्वतही वाहिले, असा भाव आहे. रायनर म्हणतो, बाईला दोन गोष्टी कळल्या होत्या. पर्वतसुद्धा वाहतात. आणि ते माणसापुढे वाहत नाहीत, परमेश्वरापुढे वाहतात, कारण माणसाचं आयुष्य ते बघायला पुरत नाही, परमेश्वरापाशी मात्र अमर्याद वेळ आहे. तेव्हा पदार्थाला सैल पडायला लागणारा वेळ भागिले आपण बघत असलेला वेळ, हा झाला डेबोरा अंक. तो मोठा असेल तर पदार्थ घन वाटतो, लहान असेल तर द्रव. घन आणि द्रव हा फरक नुसता वस्तूत नाही, बघणाऱ्याच्या घड्याळातही आहे.

लातूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला आणि थिजला. हे भूखंड आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतं आहे. खूप खोलवरचा खडक भूशास्त्राच्या काळात पाकासारखा मुरडतो, वरचा थर मात्र ताण साठवत राहतो आणि एका क्षणी तुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीत तो तुटला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं धाब्याचं ओझं, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. खडकाच्या घड्याळात ती पहाट म्हणजे काहीच नव्हे. किल्लारीच्या घड्याळात त्या वेळेच्या अलीकडचं आयुष्य आणि पलीकडचं आयुष्य अशी दोन आयुष्यं झाली.

असो. आता माणसाकडे वळू.

रघुनाथ अनंत माशेलकर यांचा जन्म १ जानेवारी १९४३ चा, गोव्यातल्या माशेलचा. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि आपला मराठवाडा निजामाकडे. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, गोवा १९६१ च्या डिसेंबरात. लहानपणीच वडील गेले आणि आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईला आल्या. गिरगावात राहणं, मिळेल ते काम, शिवणकाम. मुलगा महापालिकेच्या शाळेत मराठीतून शिकला, बारा वर्षांचा होईपर्यंत अनवाणी फिरला. माध्यमिक शाळेच्या प्रवेशाला २१ रुपये लागत होते आणि ते घरात नव्हते. घरकाम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या साठवणीतून ते दिले, असं माशेलकर स्वतः अनेक भाषणांतून सांगत आले आहेत. तोवर नावाजलेल्या शाळांचे प्रवेश संपले होते, म्हणून त्यांना गरिबांच्या मुलांची युनियन हायस्कूल मिळाली. तिथे भावे सर म्हणून विज्ञानाचे शिक्षक होते. एकदा वर्गाला उन्हात नेऊन त्यांनी भिंगाने किरण एकवटून कागद जाळून दाखवला आणि आपली शक्ती अशी एका जागी आणा, असं मुलांना सांगितलं. ही गोष्ट आता इतक्यांदा छापून आली आहे की गुळगुळीत झाली आहे. आम्हाला तिच्यातलं वेगळंच काही लागतं : शाळेकडे प्रयोगशाळेचं वैभव नव्हतं, पण एक भिंग होतं आणि मुलांना बाहेर नेण्याइतका तासात मोकळेपणा होता. आज आपल्या किती शिकवण्यांच्या वेळापत्रकात तेवढी मोकळी दहा मिनिटं आहेत?

१९६० साली, नव्या महाराष्ट्राच्या पहिल्याच वर्षी, हा मुलगा शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा आला. आणि अकरावा येऊनही तो नोकरी धरण्याच्या बेतात होता. सर दोराबजी टाटा ट्रस्टने महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून तो जयहिंद महाविद्यालयात आणि तिथून मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात गेला. त्या विभागाला सगळे यूडीसीटी म्हणत. १९३३ साली सुरू झालेली ही संस्था. रसायन अभियांत्रिकीत महाराष्ट्राने जे काही मिळवलं त्यातला मोठा वाटा तिचा आहे.

इथे आम्ही जरा थांबतो. २१ रुपये एका मोलकरणीचे, ६० रुपये एका उद्योगपती घराण्याच्या न्यासाचे, शाळा पालिकेची, विद्यापीठ सरकारी. यातली एक कडी तुटली असती तर? गुणवत्ता आपली वाट आपणच शोधते, असं आपण सभांमधून फार सहज बोलून जातो. आमच्या प्रांताचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. निजामी राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं, माध्यम उर्दू. मराठी मुलांसाठी हिप्परग्याची आणि अंबाजोगाईची राष्ट्रीय शाळा लोकांनी वर्गणीतून चालवली, स्वामी रामानंद तीर्थ दोन्हीकडे शिक्षक होते. नांदेडला पीपल्स कॉलेज निघायला १९५० उजाडलं, औरंगाबादला विद्यापीठ व्हायला १९५८, आणि नांदेडला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९९४. लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९४३ साली नांदेडच्या एखाद्या वाड्यात किंवा औसा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर तितकाच हुशार मुलगा जन्माला आलाच असेल. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि ते का माहीत नाही हे तुम्ही ओळखलं असेल.

यूडीसीटीत माशेलकरांना गुरू भेटले ते एम. एम. शर्मा. शर्मा मूळचे जोधपूरचे. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे डॉक्टरेट करून १९६४ साली परत आले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. पुढे रॉयल सोसायटीने निवडलेले ते पहिले भारतीय अभियंता. माशेलकर १९६६ ला पदवीधर झाले. बाहेर जायची संधी असताना शर्मांचं काम बघून ते इथेच थांबले आणि १९६९ ला त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. विषय होता, द्रवातून वायूचे बुडबुडे सोडले की एका अवस्थेतलं द्रव्य दुसऱ्या अवस्थेत कसं आणि किती वेगाने जातं. कारखान्यात हे रोज घडतं, पण बुडबुडा हा फार खट्याळ प्राणी आहे. त्याचा आकार, त्याचं फुटणं, दोन बुडबुड्यांचं एक होणं, यांचा हिशोब बांधायला डोकं शांत लागतं.

त्याच वर्षी ते इंग्लंडात सॅल्फर्डला गेले. मँचेस्टरला चिकटून असलेलं हे गिरण्यांचं गाव, उष्णतेचं यांत्रिक मोल मोजणारा जूल इथलाच. पण विद्यापीठ कोवळं होतं. सॅल्फर्डच्या तंत्रमहाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा १९६७ ला मिळालेला, म्हणजे माशेलकर पोचले तेव्हा विद्यापीठ दोन वर्षांचं होतं. आमच्या नांदेडच्या विद्यापीठातले तरुण प्राध्यापक कधी कधी फार नाउमेद होतात, जुनी नावं नाहीत, परंपरा नाही म्हणतात. त्यांच्यासाठी ही तारीख आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. तिथे यारोमिर उल्ब्रेख्त यांच्या सहवासात माशेलकर वाहत्या पदार्थांकडे वळले. आधी संशोधन शिष्यवृत्ती, मग अधिव्याख्याता. १९७६ पर्यंत ते तिथे होते.

काम कशाचं केलं? न्यूटनने साध्या द्रवाचा एक सरळ नियम धरला : जितकं जोरात ढवळाल तितका विरोध, त्याच प्रमाणात. पाणी, तेल हा नियम पाळतात. लांबलचक रेणूंच्या साखळ्या ज्यात आहेत ते द्रव पाळत नाहीत. अंड्याचा पांढरा बलक किंवा बहुवारिकाचं द्रावण फिरत्या दांड्याने घुसळा. पाणी असतं तर मधे खड्डा पडून ते कडेला गेलं असतं. हा द्रव उलट दांड्यावर वर चढतो! साखळ्या ताणल्या जातात आणि रबराच्या वेढ्यासारख्या दांड्याला आवळतात. दुसरी गंमत अशी की जोराने वाहणाऱ्या पाण्यात अशा साखळ्यांचा अगदी नाममात्र अंश मिसळला तर नळीतलं घर्षण खूप कमी होतं. हे १९४८ मध्ये टॉम्स नावाच्या इंग्रज संशोधकाने दाखवलं. सॅल्फर्डच्या काळात माशेलकरांनी हात घातला तो अशाच प्रश्नांना. वेटोळं केलेल्या नळीतून असे द्रव कसे जातात, वळणावर त्यांच्यात आडवे भोवरे कसे पडतात, घर्षण कधी घटतं, आणि हे सगळं गणितात कसं मांडायचं. वेटोळी नळी म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या किंवा थंड करण्याच्या यंत्रात असते तीच. प्रश्न कारखान्यातला, उत्तर मात्र पुस्तकी भाषेत, अशी त्यांच्या कामाची जात पहिल्यापासून दिसते.

१९७६ ला ते परतले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. ही १९५० ला उघडलेली, सगळे तिला एनसीएल म्हणतात. रसायन अभियांत्रिकीचा विभाग तेव्हा एल. के. दोराईस्वामी यांच्या हाताखाली बहरलेला होता. परदेशी उपकरण मागवायचं म्हणजे परवाना, परकीय चलन आणि मग बोटीची वाट, असा तो काळ. कागद, पेन्सिल आणि गणित यांना मात्र परवाना लागत नव्हता.

त्यांच्या पुण्यातल्या कामाचं मर्म आम्हाला जेवढं समजलं तेवढं सांगतो. प्लास्टिक किंवा धागा बनवताना भांड्यात लहान रेणू जोडले जाऊन साखळी वाढत जाते. साखळी वाढली की द्रव घट्ट होतो. घट्ट झाला की ढवळणं जड जातं, उष्णता बाहेर पडत नाही, रेणू एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, आणि मग अभिक्रियेचाच वेग बदलतो. म्हणजे वाहणं अभिक्रियेवर अवलंबून आणि अभिक्रिया वाहण्यावर. गुळव्याच्या काहिलीत हेच थोड्या साध्या रूपात चालतं, फक्त तो गोळी वळून बघतो आणि इथे समीकरण सोडवावं लागतं. या गुंत्याचा हिशोब बांधण्यात माशेलकर आणि त्यांचे विद्यार्थी अग्रेसर राहिले. १९८२ साली अभियांत्रिकी विज्ञानासाठी त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, १९९८ ला रॉयल सोसायटीने निवडलं.

त्यांच्या कामाचा दुसरा धागा आपल्या भागाला जवळचा आहे : पाणी पिणारे जेल. या बहुवारिकांचं जाळं स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतं. एनसीएलने ‘जलशक्ती’ नावाचा असा पदार्थ तयार केला होता. कोरडवाहू जमिनीत मुळांशी तो ओल धरून ठेवेल, ही कल्पना. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. ज्यांनी ती गाडी आणि घागरींच्या रांगा बघितल्या त्यांना या कल्पनेची ओढ लगेच कळेल. पण शास्त्र इथे एक अट घालतं. हे जाळं शुद्ध पाणी भरपूर पितं, क्षारयुक्त पाणी बरंच कमी. जाळ्याच्या आत आणि बाहेर क्षारांचा जो फरक असतो, तोच पाणी आत ओढतो. बाहेरचं पाणीच खारं असलं की ओढ मंदावते. आपल्या विहिरी आणि बोअर यांचं पाणी किती जड असतं हे चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसलेला पांढरा थर सांगतो. प्रयोगशाळेतला आकडा शिवारात तसाच उतरत नाही आणि म्हणूनच शिवाराजवळ प्रयोगशाळा लागते. नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, तिथे रसायन अभियांत्रिकीचा विभाग आहे. तिथल्या मुलांनी आपल्याच पाण्यावर, आपल्याच काळ्या मातीवर हे काम हातात घेतलं तर परदेशी उपकरणाचीही फार गरज नाही. काळी माती हाच एक अजब पदार्थ आहे. पावसात पायाला चिकटून मणाची होते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते.

१९८९ ला माशेलकर एनसीएलचे संचालक झाले आणि १९९५ ते २००६ वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे देशातल्या जवळजवळ चाळीस प्रयोगशाळांचे महासंचालक. १९६९ पासून धरलं तर वीस वर्षं मुख्यतः संशोधकाची आणि सतरा वर्षं मुख्यतः प्रशासकाची. लोकांना ही नंतरची सतरा माहीत आहेत. आमचं मत विचाराल तर पहिली वीस जास्त कसदार, पण त्यांचा गवगवा होत नाही, कारण वेटोळ्या नळीतल्या भोवऱ्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. प्रशासक म्हणून त्यांनी जे केलं त्याचा गाभा एका वाक्यात मावतो. परदेशी तंत्राची देशी नक्कल करणं सोडून, जगाला विकत घ्यावंसं वाटेल असं ज्ञान तयार करा आणि त्याचं पेटंट घ्या. एनसीएलने बहुवारिकांतली आपली पेटंट घेऊन जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीशी करार केले, ते याच काळात.

आता हळद. नव्या मोंढ्यात हळदीचा लिलाव बघितलेल्या नांदेडकरांना हळद म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना अमेरिकेत पेटंट मिळालं : जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. दोघेही भारतीय वंशाचे होते, हे विशेष. परिषदेने १९९६ ला फेरतपासणी मागितली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. वर्तमानपत्रांनी याला हळदीघाटीची लढाई म्हटलं. छान नाव आहे, पण त्यात खरी अडचण झाकली जाते. त्या वेळचा अमेरिकी कायदा असा होता की परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करत आहेत हा पुरावा चालत नाही, छापलेलं दाखवा. म्हणजे कोपर फुटलं की हळद दाबणाऱ्या आमच्या आजीची साक्ष तिथे शून्य. परिषदेने बत्तीस संदर्भ लावले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. त्या निबंधासारखे छापील पुरावे कामी आले. कोणीतरी स्वतंत्र भारतात बसून, आजीच्या ज्ञानाला विचारण्यासारखा प्रश्न मानून, मोजून, लिहून, छापून ठेवलं होतं. वैशेषिकांच्या वेळी आपण म्हटलं ना, नाव देणं वेगळं आणि मोजणं वेगळं, ते हेच. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभा राहिला तो याच अनुभवातून.

ज्ञानाची मालकी हा विषय मात्र दुधारी असतो. २००५ साली सरकारने औषधांच्या पेटंट कायद्यावर माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. पूर्णपणे नव्या रेणूंनाच पेटंट द्यायचं असं बंधन घातलं तर जागतिक व्यापार कराराचा भंग होतो का, असा तो प्रश्न. स्वस्त औषधांवर जगणाऱ्या कोट्यवधी रुग्णांशी त्याचा थेट संबंध होता. डिसेंबर २००६ ला अहवाल आला, आणि त्यातला काही मजकूर दुसऱ्याच्या लेखनातून जसाच्या तसा आलेला असल्याचं उघड झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये गटाने अहवाल मागे घेतला आणि दुरुस्त करून २००९ मध्ये पुन्हा दिला. गौरवपर भाषणांतून हा भाग गाळला जातो. आम्ही गाळत नाही. ज्याने हळदीसाठी संदर्भाला संदर्भ लावला त्याच्या गटाच्या अहवालात संदर्भच निसटावा, ही चूक लहान नाही, आणि ती मागे घेतली गेली हेही तितकंच नोंदवण्यासारखं आहे. इथे बसलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

२००६ ला महासंचालकपद सुटलं तेव्हा त्यांची एनसीएलशी गाठ सुटलेली नव्हती. मधल्या दिल्लीच्या वर्षांतही त्यांचा जेलवरचा अभ्यास चालू होता. त्याच साली शायनी वर्गीस, आशिष लेले आणि माशेलकर यांचा एक निबंध आला. जेलचे दोन तुकडे केले, मधे धातूचे आयन सोडले, की तुकडे परत सांधले जातात, असा त्याचा विषय. जखम भरून काढणारा पदार्थच म्हणा ना, हळदीशिवाय! लेले हेही यूडीसीटीचेच, बहुवारिकांच्या ऱ्हिऑलॉजीतले. २००६ लाच त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०२१ पासून एनसीएलची धुरा त्यांच्याकडे आली. आईच्या नावाने माशेलकरांनी अंजनी माशेलकर पुरस्कार सुरू केला. सामान्य माणसाला परवडेल अशा नव्या शोधाला तो दिला जातो.

घड्याळाचा काटा पुढे गेला आहे आणि लातूरच्या मुलांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. डेबोरा अंकाचं गणित कोणाला फळ्यावर करून हवं असेल तर पुढच्या रांगेत अभियांत्रिकीचे दोन प्राध्यापक बसले आहेत, त्यांना आम्ही आधीच गळ घातली आहे.